आपली गोळी त्याच्यासाठी नव्हे

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी माझा दूरध्वनी वाजला. कुडव्यातील माझ्या दवाखान्यात गुडघेदुखीसाठी नियमित येणारे एक सत्तरीचे निवृत्त शिक्षक बोलत होते. नवेगावबांधजवळ नातेवाइकांच्या शेतावर सारे कुटुंब तंबू ठोकून दोन दिवसांच्या मुक्कामाला गेले होते. सोबत घरचा कुत्राही होता. आदल्या दिवशी पायात बाभळीचा काटा शिरल्याने तो लंगडू लागला. आजोबांना त्याची कणव आली आणि त्यांनी आपल्या डबीतील वेदनाशामक गोळी भाकरीत घालून त्याला दिली, रात्री आणखी एक दिली. सकाळी त्याला कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी होत होती.

मी माणसांचा डॉक्टर. त्यांना इतकेच सांगितले की आता काहीही खाऊ घालू नका, गोळ्यांची पट्टी सोबत घ्या आणि तत्काळ पशुवैद्यकाकडे निघा. त्या पट्टीमुळे पशुवैद्यकांना निदान लवकर झाले आणि काही दिवसांच्या सलाइननंतर कुत्रा वाचला. ‘मीच त्याला विष दिले,’ ही आजोबांची खंत मात्र पुढे कित्येक दिवस गेली नाही.

वाचकहो, ही चूक निष्काळजीपणाची नव्हती, मायेची होती. म्हणूनच ती आपल्यापैकी कोणाच्याही हातून होऊ शकते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे कुत्र्याच्या शरीरात आपल्यापेक्षा फार निराळ्या रीतीने वागतात. त्यांनी जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. पॅरासिटामॉलही सुरक्षित नाही; मांजराच्या यकृतात ते निकामी करण्याची यंत्रणाच अपुरी असल्याने एक गोळीही तिच्या जिवावर बेतू शकते. आपल्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांचेही तसेच. तंबूत औषधांची डबी उशाशी ठेवण्याची आपली सवय असते. प्राणी सोबत असेल तर ती झाकण घट्ट लावून उंचावर टांगावी. कांदा, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेटही त्याच्यापासून दूर असावे.

निघण्यापूर्वी

प्रथम जागा ठरवा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात पाळीव प्राणी नेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे; कुत्र्यांचे काही रोग वन्यप्राण्यांनाही जडतात. शेत किंवा गावालगतची मोकळी जागा बरी. रेबीज व इतर लसी वेळेवर झाल्याची खात्री करा. गोचीड प्रतिबंधक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आधीच द्या. मुक्कामाच्या गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, तो केव्हा उघडा असतो, हे विचारून त्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, कारण रानात मोबाइलला नेहमी रेंज मिळेलच असे नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांकही त्याच कागदावर असू द्या. पिशवीत स्वच्छ कापूस, बँडेज, चिमटा, थर्मामीटर, जुनी चादर आणि भरपूर पाणी असावे.

मुक्कामात

*उन्हाचा तडाखा* : कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच तो शरीर थंड करतो. त्याचे सामान्य तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल, चाल डळमळत असेल तर सावलीत न्या, पोट व पाय साध्या पाण्याने भिजवा आणि वारा घाला. बर्फ लावू नका, तोंडात बळेच पाणी ओतू नका. अंग निवू लागले तरी दवाखाना टाळू नका.

*गोचीड* : सायंकाळी कान, मान, काखा आणि बोटांमधील जागा हाताने चाचपा. गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा जळती काडी लावू नका. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसल्यास पशुवैद्यकाला सहलीचा उल्लेख अवश्य करा. स्वतःचे अंगही तपासा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे माणसाला होणारा स्क्रब टायफस २०१८ मध्ये नागपूर परिसराने अनुभवला आहे. सहलीनंतर ताप आला तर आपल्या डॉक्टरांना ती हकीकत सांगा.

*साप* : दंश झाल्याची शंका आली तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, सापाच्या शोधातही जाऊ नका. प्राण्याला चालू न देता चादरीत उचलून न्या.

मदत करताना स्वतःला जपा

वेदनेने व्याकूळ झालेले इमानी जनावरही चावते. वाकून उचलण्याचे काम तरुणांवर सोपवा. धाप किंवा उलटी नसेल तरच मऊ बँडेजने त्याचे तोंड सैल बांधावे. चावा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. ‘आपलाच कुत्रा आहे, लस झालेली आहे,’ म्हणून घरी बसू नका. लस घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांचा रक्तस्राव लवकर थांबत नाही आणि मधुमेहींची जखम चटकन चिघळते. हे दोन्ही तेथे आवर्जून सांगा.

ते आजोबा यंदाही त्याच शेतावर जाणार आहेत, कुत्र्याला घेऊन. परवा तपासणीला आले तेव्हा खिशातला कागद काढून त्यांनी मला दाखवला. त्यावर पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला होता, आणि खाली एक ओळ : ‘माझी गोळी माझीच.’