डोळसांस दाखविण्यासाठीं

ज्यास पडदा दिसत नाहीं त्यास पडद्याचें चलच्चित्र घेऊन करावयाचें काय? आमच्या एका सुविद्य स्नेह्यांनीं परवां हा प्रश्न केला, आणि खरें सांगावयाचें तर कांहीं महिन्यांपूर्वीं आम्हांसही त्याचें उत्तर देतां आलें नसतें. तें आम्हांस जालना जिल्ह्यांतील हसनाबाद येथें मिळालें.

राजूरच्या गणपतीचें दर्शन घेऊन परततांना आम्ही भोकरदन तालुक्यांतील ह्या गांवीं मासिकाच्या एका जुन्या वर्गणीदारांकडे उतरलों होतों. त्यांचा पुतण्या जन्मांध आहे. पदवी घेऊन तो आतां नोकरीच्या परीक्षांची तयारी करीत आहे. चहा होतांच त्यानें आपला संगणक उघडला. पण माउसला हात लावला नाहीं. सारें काम कळफलकावर चाललें होतें, आणि प्रत्येक कळीसरशीं यंत्र भराभर बोलत होतें. इतकें भराभर कीं, आम्हांस त्यांतील एक शब्दही उमगेना.

पडद्यावरील मजकूर असा वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमास स्क्रीन रीडर म्हणतात. त्याच्याजवळ होता तो एन्.व्ही.डी.ए. मायकेल करन् ह्या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं तो रचावयास घेतला; पुढें त्यास येऊन मिळालेला जेम्स टेह् हाही अंधच. ह्या जातीचे कार्यक्रम पूर्वींही होते. परंतु त्यांची किंमत सामान्य गृहस्थास परवडण्याजोगी नव्हती. एन्.व्ही.डी.ए. विनामूल्य मिळतो, आणि त्याच्याबरोबर येणारा आवाज मराठीही वाचतो. अंधांच्या हातीं स्वतःची चावी देणारें हें काम अंधांनींच केलें, ही गोष्ट वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ह्या तरुणास एका परीक्षेचा अर्ज संकेतस्थळावर भरावयाचा होता. नांव, पत्ता, शिक्षण, सर्व यथास्थित भरून झालें. शेवटच्या पानावर मात्र यंत्र "बटन, बटन, बटन" एवढेंच बोलूं लागलें. त्या बटनांवर डोळसांस चित्रें दिसत होतीं. चित्रांमागें नांव लिहून ठेवण्याचें मात्र रचणाराच्या ध्यानीं आलें नव्हतें. त्यानें दूरध्वनि केला. "आमच्याकडे तर सर्व नीट दिसतें," असें उत्तर आलें. उत्तर खोटें नव्हतें. दिसावयास तें नीटच होतें! तेव्हां, आपणांस काय ऐकूं येतें तेंच ह्या मंडळींस दाखवावें, असें त्यानें ठरविलें, आणि हाताशीं होता त्या कार्यक्रमानें पडद्याचें मुद्रण करून पाठविलें. चार दिवसांनीं लेखी कळविण्यांत आलें कीं, "मुद्रणांत आपण कोणतेंही बटन दाबलेलें आढळत नाहीं." काकांनीं तें मुद्रण लावून पाहिलें तेव्हां उलगडा झाला. चित्र उतरलें होतें, आवाज उतरलाच नव्हता. साक्षीदार उभा राहिला, पण मुका! अर्जाची मुदत ह्याच घोळांत सरली.

"काका, अर्ज बुडाला तो बुडाला, आतां पुरावा तरी पुरता हवा," असें म्हणून त्यानें मुद्रणाच्या साधनांचा शोध आरंभिला. आपण डोळस लोक असें साधन निवडतांना चित्र किती स्वच्छ येतें हें प्रथम पाहतों. त्याचे प्रश्न निराळे होते. मुद्रण सुरू झालें कीं नाहीं, हें न पाहतां कसें कळावें? स्क्रीन रीडरचा आवाज आणि आपला आवाज हे दोन्ही त्यांत उतरतील काय? आणि आरंभापासून अखेरपर्यंत सर्व कांहीं कळफलकावरून करतां येईल काय? आमच्या मतें साधनाची खरी परीक्षा ह्या तीन प्रश्नांतच आहे.

विंडोज वापरणारांच्या घरचें साधन म्हणजे गेम बार. विंडोज, आल्ट व आर ह्या तीन कळा एकदम दाबल्या कीं मुद्रण सुरू होतें, आणि त्याच दाबल्या कीं थांबतें. खर्च नाहीं, खटपट नाहीं. परंतु तें एका वेळीं एकाच कार्यक्रमाची खिडकी टिपतें. डेस्कटॉप किंवा फायलींची यादी टिपीत नाहीं. शिवाय कोणता ध्वनि घ्यावा ह्या पर्यायांत "सर्व" हा निवडावा लागतो. न निवडल्यास समोरच्या कार्यक्रमाचा तेवढाच आवाज घेतला जाऊन स्क्रीन रीडर बाहेर राहण्याचा संभव असतो. विंडोज ११ मधील स्निपिंग टूलही आतां मुद्रण करितें. पण त्याची मूळ रीत अशी कीं, पडद्याचा हवा तो भाग माउसनें चौकट ओढून आंखावा. जी चौकट दिसतच नाहीं ती आंखावयाची कशी?

झूम तर आतां घरोघर ठाऊक झालें आहे. त्याचा एक चांगला उपयोग असा कीं, एकट्यानेंच सभा उघडावी, पडदा दाखविण्यास ठेवावा, त्यासोबत ध्वनि देण्याच्या चौकोनावर खूण करावी, आणि आल्ट व आर दाबून मुद्रण सुरू करावें. तें सुरू झाल्याचें झूम बोलून सांगतें, हा अंधास मोठाच आधार. सभा संपविली कीं फाईल तयार होते. नवशिक्यास आम्ही हीच वाट सुचवूं.

ह्याहून समर्थ साधन म्हणजे ओ.बी.एस्. हें २०१२ पासूनचें, विनामूल्य आणि सर्वांस खुलें आहे. संबंध पडदा, यंत्राचा ध्वनि, बोलणाराचा ध्वनि, सर्व त्यांत वेगवेगळे जोडतां येतात. मात्र आरंभींची मांडामांड पुष्कळ. आवाज किती येतो हें दाखविणारी पट्टी केवळ डोळ्यांसाठीं. आणि सुरू करण्याच्या व थांबविण्याच्या कळा आपण स्वतः नेमून द्याव्या लागतात. तरी एक सोय आहे. मुद्रण चालूं झालें कीं "सुरू करा" ह्या बटनाचें नांव बदलून "थांबवा" असें होतें, आणि तें स्क्रीन रीडर वाचतो. आमच्या ह्या मित्रानें एक रविवार खर्चून ओ.बी.एस्. मांडून घेतलें, दोन निराळ्या कळा नेमल्या, आणि एक नियम घालून घेतला: खऱ्या कामापूर्वीं अर्ध्या मिनिटाचें मुद्रण करावयाचें, तें कानांनीं तपासावयाचें, आणि मगच पुढें जावयाचें.

साधन मिळालें म्हणजे काम संपलें असें नाहीं. अनुभवानें त्यास उमगलेल्या आणखी चार गोष्टी येथें नमूद करतों. एन्.व्ही.डी.ए. मध्यें पडदा काळा ठेवण्याची सोय आहे. शेजारचा माणूस आपलीं पत्रें वाचूं नये म्हणून अंध लोक ती वापरतात. मुद्रणापूर्वीं ती बंद करावी, कारण काळ्या पडद्याचें चित्र काळेंच येणार. दुसरें, वाचनाचा वेग उतरवावा. आपल्या कानांस सवय आहे, ऐकणारांच्या नाहीं. तिसरें, एन्.व्ही.डी.ए. मध्यें आपण ज्या जागीं आहों तिच्याभोवतीं चौकट उमटविण्याची, आणि बोललेले शब्द एका खिडकींत लिहून दाखविण्याची योजना आहे; त्या दोन्ही चालूं ठेवाव्या, म्हणजे ज्या कचेरींतील संगणकास आवाजच नाहीं तेथेंही साक्ष वाचतां येईल. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पडद्यावर आधारचा क्रमांक आहे, कीं मध्येंच कोणाचा निरोप उमटला, हें अंधास दिसत नाहीं. म्हणून निरोपांच्या सूचना आधीं बंद कराव्या, आणि खऱ्या माहितीऐवजीं शक्य तेथें खोटी माहिती भरून दोष दाखवावा.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षां अर्ज काकांनींच भरून दिला असता तर? भरला असता. पण मग तें पान तसेंच राहिलें असतें, आणि ज्याच्या घरीं असे काका नाहींत त्याचा अर्ज दर वर्षीं बुडाला असता. शिवाय ही याचना नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला; आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, संगणकीय सेवांपर्यंत पोंचतां येणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हक्क कागदावर आला. परंतु तो कोणत्या पानावर, कोणत्या बटनापाशीं अडला, हें दाखवून देणारा कोणी तरी लागतोच. तें काम असें एखादें तीन मिनिटांचें मुद्रण करूं शकतें.

ज्या घरांत अंध मूल संगणक शिकत असेल तेथील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्याचे हात धरूं नका. विचारील तेवढेंच पाहून सांगा. आम्ही निघण्यापूर्वीं हसनाबादच्या त्या ओसरीवर नवें मुद्रण तयार झालें. काका चष्मा लावून पुढें सरकले.

"काका, चित्र आलें आहे ना?"

"आलें आहे. आणि आवाजही स्वच्छ आहे हो!"

"आवाज मी ऐकला आहे. तुम्ही चित्रापुरतें सांगा."

काका हंसले, आणि पुनः पहिल्यापासून पाहूं लागले. तें मुद्रण त्याच सायंकाळीं रवाना झालें. त्याचें उत्तर हा लेख छापावयास जाईतों आलेलें नाहीं. परंतु ह्या वेळीं "तुम्ही कांहीं दाबलेंच नाहीं" असें मात्र कोणास म्हणतां येणार नाहीं.