मोबाइलला वेळ, मुलांना मैदान

शाळा सुटली की दप्तर ओसरीवर टाकावे, हातात भाकरीचा तुकडा घ्यावा आणि दिवेलागण होईपर्यंत मैदानावर खो-खो, हुतुतू, विटीदांडू खेळावे, असे बालपण आपल्यापैकी पुष्कळांनी उपभोगले आहे. आज त्याच मैदानावर गवत माजले आहे. चार मुले पारावर शेजारी शेजारी बसलेली असतात, पण चौघांच्याही माना खाली आणि डोळे मोबाइलवर. आठवी ते दहावीतल्या मुलांच्या घरी यावरून रोजच वादावादी होते. म्हणून या वेळी या पानावर पिकाऐवजी घरातल्या रोपट्यांचा विचार करू.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. मोबाइल हा शत्रू नव्हे. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, विहिरीवरची मोटार चालू करणे, ही कामे आज त्याच्यावर होतात. ई-पीक पाहणीची नोंद तर पुष्कळ घरी शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगीच वडिलांना भरून देते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा आपणच मुलांच्या हातात पाटीऐवजी मोबाइल दिला. मग आज सगळा दोष मुलांच्या माथी कसा मारावा? चूक झाली ती एवढीच, की पाट उघडला आणि बंद करावयाचे राहून गेले. पाणी पिकाला हवेच, पण रात्रंदिवस वाहू दिले तर मुळ्या कुजतात, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

हैदराबादचे एक उदाहरण पाहू. ते शहर आपणा मराठवाड्याच्या लोकांना परके नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो आणि आजही शिक्षणाला, नोकरीला व मोठ्या दवाखान्याला आपली माणसे तिकडे जातात. तेथील कॅथलिक शाळांनी देशाला मोठे खेळाडू दिले आहेत. मोहम्मद अझरुद्दीन ऑल सेंट्स हायस्कूलचे आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण लिटल फ्लॉवर हायस्कूलचे विद्यार्थी. बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधू सिकंदराबादच्या ऑक्झिलियम हायस्कूलमध्ये शिकली.

सिंधूचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉलचे खेळाडू. तिने आठव्या वर्षी रॅकेट हाती घेतली. पुढे ती गच्चीबौलीला पुल्लेला गोपीचंद यांच्या अकादमीत जाऊ लागली. घर दूर असल्याने सरावासाठी रोज सुमारे ५६ किलोमीटरचा प्रवास तिने केला. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक मिळविले. अंतिम सामन्यात पहिला गेम २१-१९ असा जिंकून पुढचे दोन ती हरली, तरी बॅडमिंटनमध्ये ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविणारी ती पहिली भारतीय ठरली. सामना संपल्यावर गोपीचंद यांनी सांगितले, की गेले तीन महिने सिंधूजवळ मोबाइल नव्हता, तो आता तिला परत देणार आहोत. आइस्क्रीम आणि गोड दही यांवरची बंदीही त्यांनी उठविली.

सिंधू त्या वेळी एकवीस वर्षांची होती. देशभर नाव झालेल्या, सज्ञान खेळाडूलाही मोबाइल बाजूला ठेवण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागला. मग चौदा वर्षांच्या मुलाने ते एकट्याने करावे, अशी अपेक्षा आपण कशी धरतो? दुसरे असे, की तो मोबाइल रागाच्या भरात हिसकावलेला नव्हता. त्यामागे हेतू होता, त्याला मुदत होती, आणि काम होताच तो परत मिळाला. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. मोबाइलची जागा रिकामी राहिली नव्हती. तेथे खेळ होता, सोबती होते आणि जवळ उभे राहणारे गुरुजी होते.

ऑक्झिलियमची शाळा सालेशियन सिस्टर्सची. या सिस्टर्सचा संघ संत जॉन बॉस्को यांनी संत मारिया माझारेल्लो यांच्यासह १८७२ साली स्थापन केला. जॉन बॉस्को हे इटलीतल्या गरीब शेतकऱ्याचे पोर. दोन वर्षांचे असतानाच वडील वारले. लहानपणी ते दोरीवर चालण्याचे व हातचलाखीचे खेळ करून गावच्या मुलांना जमवीत आणि मग त्यांच्याबरोबर प्रार्थना करीत. पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी मुलांसाठी घर, शाळा, देऊळ आणि मैदान ही चारही एकत्र आणली. त्यांच्या शिक्षणपद्धतीला प्रतिबंधक पद्धत म्हणतात. मूल बिघडल्यावर छडी उगारण्यापेक्षा ते बिघडू नये म्हणून आधीच त्याच्या सोबत राहावे, हे तिचे सार. कीड पडल्यावर फवारणी करीत बसण्यापेक्षा बियाण्याला आधीच प्रक्रिया करणारा शेतकरी शहाणा, तसेच हे.

आता आरोग्याचे पाहू. वाढत्या वयाच्या मुलाला चोवीस तासांत ८ ते १० तास झोप लागते. रात्री डोळ्यांवर तेजस्वी प्रकाश पडत राहिला की झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य शरीरात उशिरा तयार होते. शिवाय पाहिलेले डोक्यात घोळत राहते. अकराला निजणारे मूल मग एकला निजते आणि सकाळी वर्गात पेंगते. आपण त्याला आळशी म्हणतो.

डोळ्यांचेही तसेच. जवळचे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात. वाढत्या वयात सतत जवळचे पाहणे आणि उन्हात कमी फिरणे यांमुळे डोळ्याचा गोल लांबट होण्याचा संभव वाढतो आणि दूरचे अंधुक दिसू लागते. दिवसाच्या उजेडात वावरल्याने हा धोका कमी होतो. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर ठेवण्याचा प्रयत्न चालू आहे तो याचसाठी. आपल्या अंगणात ऊन फुकट आहे आणि मूल मात्र खोलीत!

मानेचाही विचार करावा. डोके साधारण ५ किलो वजनाचे. मान पुष्कळ खाली वाकवली की तिच्यावरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. अभ्यासाबद्दल युनेस्कोने २०२३ च्या आपल्या शिक्षण अहवालात म्हटले आहे, की एकदा मोबाइलने लक्ष मोडले की ते पुन्हा अभ्यासावर स्थिर व्हावयास २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासाभरात तीन वेळा मोबाइल वाजला तर अभ्यास कितीसा झाला, याचा हिशेब आपणच करावा.

आणखी एक धोका खिशाचा. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर तेलंगणाने २०१७ मध्येच बंदी आणली आणि २०२५ मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी तसा कायदा केला. तरीही चोरवाटा असतातच. ज्या मोबाइलवर मूल खेळते त्यालाच कापसाच्या पट्टीचे पैसे आलेले बँक खाते जोडलेले असते. तेव्हा पैशांचा गुप्त क्रमांक मुलांना सांगू नये. फसवणूक झाली तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

काही पालक म्हणतील, "आमची पोरे शेतात राबतात, त्यांना वेगळा खेळ कशाला?" शेतातील कामाने शरीर बळकट होते यात शंका नाही. पण खेळात मूल आणखी काही शिकते. हरल्यावर रडत न बसता पुन्हा डाव मांडणे, पंचाचा निर्णय मानणे, दुबळ्या गड्याला सांभाळून घेणे, हे खुरपणीत शिकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी निदान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. ती मुलींनाही सांगितली आहे, हे विसरू नये. मुलगी शाळेतून येते ती थेट चुलीपाशी. मैदान तिच्या वाट्याला येतच नाही. सिंधूच्या आईवडिलांनी असा भेद केला असता तर?

मग करावे काय? आम्हाला सुचते ते असे :

१. रात्री सर्वांचे मोबाइल एकाच जागी, झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावेत. गजरासाठी साधे घड्याळ आणावे.

२. संध्याकाळी जपमाळेपासून जेवण होईपर्यंत घरातला प्रत्येक मोबाइल बंद असावा, वडिलांचाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. आपल्याकडे तर देवळाची घंटा आहेच.

३. अभ्यासासाठी मोबाइल लागला तर ओसरीवर, सर्वांच्या देखत वापरावा. दर २० मिनिटांनी २० सेकंद दूरच्या झाडाकडे पाहावे.

४. नियम मुलांशी बोलून ठरवावा. किती वेळ, कशासाठी आणि परत केव्हा, हे आधीच ठरलेले असावे. न सांगता हिसकावून घेतलेला मोबाइल मूल लपूनछपून पुन्हा मिळवते.

५. धर्मग्रामातील तरुणांनी आणि पालकांनी मिळून शाळेचे मैदान साफ करावे. एक चेंडू, एक दोरी आणि रोज तासभर तेथे थांबणारा एक मोठा माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

यातले दुसरे कलम सर्वांत कठीण आहे, कारण ते आपल्याला लागू आहे. जेवताना आपणच मोबाइलमध्ये बोट फिरवीत असलो तर मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार? मूल आपण सांगतो ते क्वचित करते. आपण करतो ते मात्र नेमके उचलते.

वाफसा येईपर्यंत थांबावे, आल्यावर मात्र दिवस दवडू नये, हे आपण जाणतो. मुलांची ही चार-पाच वर्षे म्हणजे असाच वाफसा आहे. तो निघून गेला की कितीही बी टाकले तरी उगवण होत नाही. तेव्हा आज संध्याकाळी घंटा झाली की मोबाइल खाली ठेवू या, आणि उद्या शाळा सुटल्यावर अर्धा तास का होईना, मुलांबरोबर मैदानावर जाऊ या.