कपातलं पान आणि पातेल्यातली साय

संपादकांना ‘घरच्या घरी लाटे आर्ट’ हवं होतं आणि कुणीतरी मला सोयगावातल्या एका घराचा पत्ता दिला. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात. चित्रकलेचा धागा जोडायचा मोह होतो, तो इथेच आवरतो.

लाटे आर्ट म्हणजे एस्प्रेसोवर दुधानं काढलेली नक्षी. पण इकडे एस्प्रेसो म्हटलं की लग्नातला फेसाळ कप आठवतो: वाफेच्या नळीनं घुसळलेलं दूध, इन्स्टंट कॉफी, वर चॉकलेट पावडरीची भुरभुर. खऱ्या एस्प्रेसोत दूध नसतंच. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या यंत्राचं पेटंट घेतलं, पण कॉफीवर क्रेमा, म्हणजे दाट तपकिरी फेस, धरू लागली दुसऱ्या महायुद्धानंतर, आकिल्ले गाज्जिया यांच्या दांड्याच्या यंत्रावर. तिच्यावर दुधाची पानं काढायचं वेड अमेरिकेत पसरवलं ते सिएटलच्या डेव्हिड शोमर यांनी, १९८०-९०च्या दशकांत. इतिहास पुरे.

सोयगावच्या त्या घरातली मुलगी पुण्यात दोन वर्षं कॅफेत होती, आता घरी आहे. ओट्यावर कॉफीसाठी गॅसवर चढणारा मोका पॉट, दूध फेसायला फ्रेंच प्रेस आणि वाटीएवढा कप. मोका पॉटमध्ये दाब जेमतेम दीड-दोन बार, एस्प्रेसोला नऊ लागतो. म्हणजे क्रेमा जवळपास नाहीच. रेघ धरायची ती दुधानंच.

दूध गरम होताना ती भांड्याच्या बाजूला तळवा लावून बसते. हात ठेववेनासा झाला की साठ अंशांच्या आसपास, लगेच उतरवायचं. मग प्रेसचा दांडा भराभर वरखाली. दूध ओल्या रंगासारखं चकचकीत दिसलं पाहिजे, मोठा बुडबुडा दिसला तर भांडं ओट्यावर आपटायचं. कप तिरका, पहिली धार उंचावरून, म्हणजे दूध कॉफीखाली जातं. मग चोच पृष्ठभागाला जवळजवळ टेकवायची, पांढरा ठिपका वर तरंगतो, फुगतो. शेवटी धार बारीक करत त्याच्या मधोमध ओढली की बदाम. मोठ्या कपात हात सावरायला वेळ असतो, इथे तीन-चार सेकंदांत कप काठोकाठ.

माझ्यासमोर पहिला बदाम बटाट्यासारखा झाला.

“म्हशीचं आहे ना,” ती म्हणाली. खरी मारामारी इथेच आहे. कॅफेत पाकिटातलं एकजीव केलेलं दूध, इथे घरचं. त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश, आणि कच्चं कोण वापरणार? उकळायचंच, उकळलं की साय. सायीचा एक तुकडा प्रेसच्या जाळीत अडकला की दांडा जड होतो, धारेतून घरंगळला की पानाची कड फाटते. म्हणून रात्री उकळून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी साय काढून गाळायचं, मग पुन्हा तापवायचं. फार ठेवलं तरी पंचाईत: शिळ्या दुधातली मोकळी झालेली स्निग्धाम्लं बुडबुडे टिकू देत नाहीत.

“काय गं, अर्धा लिटर फेसातच घालवलंस,” आजी आतून.

“आजी, साय तुलाच ठेवलीये!”

तिसऱ्या कपात बदाम जमला, थोडा डावीकडे कललेला. मी फोन काढेपर्यंत कडा विरघळायला लागल्या होत्या. आजी साय विरजणाच्या पातेल्यात ढकलत होत्या. त्यांना चहा हवा होता.