वाटेलाही वापसा यावा लागतो



कारखान्याचा पट्टा पडला की आमच्या गट कार्यालयात येणाऱ्या मंडळींचे प्रश्न बदलतात. हंगामात 'आमची तोड कधी', 'टोळी दुसरीकडं का वळवली' याशिवाय दुसरी भाषा नसते. एप्रिल उजाडला की खोडव्याला खत किती टाकायचे, पाचट ठेवायचे की नाही, हे सुरू होते. पण अलीकडे एक तिसराच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. 'साहेब, पोरांना सुट्ट्या लागल्यात. गाडी घेऊन जरा डोंगरात, कच्च्या रस्त्यानं जाऊन यावं म्हणतो. कुठली वाट धरू?'

शेतकी खात्याच्या माणसाला हे का विचारावे, असे कोणी म्हणेल. पण गेली वीसेक वर्षे शिवाररस्त्यावर, पाणंदीत आणि उसाच्या फडात जीप घालण्यातच आमचा जन्म चालला आहे. कुठे गाडी रुतते आणि कुठे निघते, एवढे तरी आम्हांस कळावे, अशी सभासदांची समजूत दिसते. ती सगळीच खरी नाही, हे पुढे येईलच.

परवा एक तरुण सभासद आला. नवी कोरी थार. मोबाईलवर कोणीतरी नाल्यातून गाडी उडवीत नेल्याची रील त्याने आम्हांला दाखवली आणि म्हणाला, "साहेब, आपली गाडी कुठं बी चढती. आई-दादांना अन् लेकरांना घेऊन हितंच जायचं." आम्ही विचारले, "बाबा, तुझ्या गाडीची चारही चाके ओढतात की दोनच?" तो गप्प झाला. पाहिले तर गाडी फक्त मागच्या चाकांवर ओढणारी निघाली. यात त्याचा दोष नाही. २०२० साली नवी थार आली तेव्हा ती चारही चाकांची होती, पण २०२३ पासून ती मागच्या दोन चाकांवर ओढणारीही मिळू लागली आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात असलेली बोलेरोही मागच्या चाकांवरच चालते. दोन चाकांच्या गाडीने कच्च्या रस्त्यावर जाऊच नये असे नव्हे. आम्ही रोज जातोच. मात्र वाट निवडताना आपल्याकडे काय आहे, ते आधी माहीत असावे.

आता आमची फजिती सांगतो, म्हणजे पुढचे पटेल. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही एक जुनी जीप विकत घेतली होती. मृग निघाला होता, पण पाऊस नव्हता. आई, मंडळी आणि दोन्ही मुले यांना घेऊन कन्नड तालुक्यातल्या एका गावामागच्या ओढ्याकाठी वनभोजनास गेलो. खाली उतरणारी वाट मुरमाची, कोरडी खडखडीत, फक्त शेवटचा शंभरेक फुटांचा तुकडा काळ्या मातीचा. गाडी अलगद खाली गेली. पिठले-भाकरी सोडून बसलो तोच पश्चिमेकडून आभाळ आले आणि वीस मिनिटे सरीवर सर कोसळली. पाऊस थांबल्यावर गाडी काढायला गेलो, तर चाके जागच्या जागी फिरू लागली, आणि दुसऱ्या दमाला गाडी पुढे न जाता आडवी होऊन ओढ्याच्या काठाकडे सरकली. आत आई बसलेली. काठ चार हातांवर होता. त्या वेळी आमच्या पोटात जो गोळा आला, तो आजही आठवला की घास उतरत नाही.

आईला आणि मुलांना दुसऱ्या बाजूने उतरवले, चाकांखाली दगड लावले. मोबाईलला रेंज नव्हती. तासाभराने एक म्हातारे शेतकरी बैलजोडी घेऊन आले. बैल जुंपले, दोर बांधला आणि गाडी मुरमावर आणून ठेवली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. एवढेच विचारले, "साहेब, तुमी शेतकी खात्यातले ना? मग वापसा नाय ओळखता येत?"

त्या एका प्रश्नाने आमची वीस वर्षांची नोकरी उघडी पडली. पाऊस झाला की भरलेली ट्रॉली फडाबाहेर निघणार नाही, म्हणून तोड थांबवा, असे टोळीच्या मुकादमाला बजावणारे आम्हीच! वापसा आल्याशिवाय आपण नांगर घालीत नाही, पण सुट्टीच्या दिवशी वाटेवर गाडी घालताना ती अक्कल घरी ठेवून निघतो.

कारण सोपे आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते. चाक फिरले की ती टायरच्या नक्षीत भरते आणि चांगला खाचांचा टायर गुळगुळीत डब्यासारखा होतो. मग चार चाके ओढणारी असोत की दोन, ती जागेवरच फिरतात. मुरूम पाणी खाली सोडतो, त्याला वापसा लवकर येतो. म्हणून नवख्याने वाट निवडताना डोंगर किती उंच, हे पाहू नये; वाटेची माती कोणती आणि तिच्यावर शेवटचा पाऊस कधी झाला, हे पाहावे. मुरमाला सरीनंतर उघडीप मिळाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भागते. काळ्या मातीच्या वाटेला चार-पाच दिवस खडखडीत ऊन हवे. आणि मध्ये एकच काळा तुकडा असला तरी ती वाट काळ्या मातीचीच धरावी. आम्हांला शंभर फुटांनीच गाठले होते.

दुसरी परीक्षा गावातल्या चहाच्या टपरीवर होते. 'रस्ता चांगला आहे का' असे विचारू नये, कारण गावकऱ्याला आपला रस्ता चांगलाच वाटतो. 'तिथवर काळी-पिवळी जाते का? दुधाची मोटारसायकल रोज जाते का?' असे विचारावे. काळी-पिवळी जात असेल, तर नवख्याने निर्धास्त जावे. 'ट्रॅक्टर जातो की!' असे उत्तर आले, तर मात्र फसू नये. ट्रॅक्टरची मोठी चाके खोल चाकोरी पाडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. त्यावर आपल्या गाडीचे चेंबर टेकले की चाके अधांतरी आणि फुटलेल्या चेंबरमधून ऑईल जमिनीवर. अशी जीप आम्ही ऐन हंगामात दोनदा ओढून आणवली आहे.

आता प्रत्यक्ष वाटांविषयी. पहिल्या खेपेस म्हैसमाळला जावे, असे आमचे मत आहे. छत्रपती संभाजीनगरपासून चाळीसेक किलोमीटर, दौलताबाद-खुलताबाद मार्गे. काही जण नाक मुरडतील, की तो तर डांबरी घाट! असू द्या. ज्याने घाटात गिअरवर गाडी उतरवली नाही, त्याने कच्च्या उतारावर हात घालू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरले की ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणावर दगा देतात. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचविणाऱ्यांविषयी न बोललेले बरे. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबावे, हा नुसता शिष्टाचार नाही, २०१७ च्या वाहतूक नियमांत तसे लिहिलेलेच आहे. रविवारी मात्र जाऊ नये. दौलताबादच्या तटातल्या अरुंद दरवाज्यात निम्मा दिवस जातो.

म्हैसमाळच्या पठारावर गवत मोकळे दिसले म्हणून गाडी घालू नये. मळलेल्या चाकोरीवरच राहावे. आपल्या खोडव्यातून कोणी पाहुण्याने गाडी फिरवली तर आपण काय म्हणू, तेच गवताबद्दल आणि परक्याच्या बांधाबद्दल समजावे. आणि कड्याशी गाडी मागे घेऊ नये. जून २०२४ मध्ये खुलताबादजवळच सुलीभंजनच्या डोंगरावर, नुकतीच गाडी शिकणारी एक तरुण मुलगी गाडी मागे घेत असता गाडीसह दरीत कोसळून दगावली. ती बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. जिथे गाडी वळवायला जागा नाही, ती वाट नवख्याची नव्हे. वळवायचीच झाली तर आधी सगळ्यांना खाली उतरवावे, दरीकडच्या चाकापुढे दगड लावावा, गाडीचे तोंड दरीकडे आणि पाठ डोंगराकडे ठेवून वळवावी, म्हणजे धोका डोळ्यासमोर राहतो. शिकाऊ माणसाच्या हाती तिथे चाक देऊच नये. त्यासाठी आपले खळे आहे.

दुसऱ्या खेपेस, दसऱ्याच्या सुमारास पावसाने उघडीप दिल्यावर, अंतूरचा किल्ला. कन्नड तालुक्यातल्या नागापूरहून वनखात्याच्या हद्दीतून कच्ची वाट किल्ल्याकडे जाते. परवानगी विचारून जावे, आणि वाट जिथे बिघडलेली दिसेल तिथे गाडी लावून पायी निघावे. आम्ही मागच्या खेपेस तसेच केले. त्यामुळे बरेच झाले, कारण या वाटेवर निजामशाही काळातला एक चौकोनी दिशादर्शक दगड आहे. त्याच्या बाजूंवर कोणती वाट कुठल्या गावाला जाते ते फारसीत कोरलेले आहे. गाडीत बसून तो सहज निसटतो. चारशे वर्षांपूर्वीच्या वाटाड्याला पाटी लागत होती, आणि आपण मोबाईलच्या भरवशावर अनोळखी नाल्यात उतरतो!

गौताळ्याचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. गौताळा-औट्रम घाट हे १९८६ पासूनचे अभयारण्य आहे. नाक्यावर नोंद करून ठरलेल्या रस्त्यानेच जायचे, आडवाटेला चाक लावायचे नाही. तिथे बिबट्या आणि अस्वले आहेत, आणि २०२१ साली तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघही कॅमेऱ्यात दिसला. जंगल पाहायला जरूर जावे, गाडीची हौस भागवायला नव्हे. कन्नडचा घाट हा तर शिकण्याचा घाटच नव्हे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एका रात्रीच्या पावसाने तिथे दरडी कोसळून गाड्या अडकल्या होत्या. पावसाळ्यात मुक्कामाच्या सामानासह लेकराबाळांना घेऊन तिथून जाण्यात शहाणपण नाही.

ज्यांना दोन रात्रींची सवड आहे त्यांनी भंडारदऱ्याचा विचार करावा. शेंडीहून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर असा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. बहुतेक डांबरी, पण पावसाळ्यानंतर जागोजागी उखडलेला; नवख्याला कच्च्याची चव द्यायला तेवढा पुरे. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघरला जो पाऊस पडतो, त्याच्यापुढे आपला सातशे मिलिमीटरचा पावसाळा म्हणजे नुसता शिडकावा. मेअखेरीस काजवे पाहणाऱ्यांची रात्रीची गर्दी असते, तीही टाळावी. हा प्रवास आम्हांला आवडतो त्याचे कारण वेगळे आहे. प्रवरा उगवते ती रतनगडापाशी. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणातून ती खाली येते, नगरकडच्या मंडळींचा ऊस भिजवते आणि आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या प्रवरासंगमला गोदावरीत मिळून नाथसागरात शिरते. पाणी वरून सुटले की नाही, यावर आपण दरवर्षी भांडतो. ते पाणी जिथे थेंबाथेंबाने निघते, ती जागा मुलांना एकदा दाखवावी.

बाकी किरकोळ. शक्यतो दोन गाड्या असाव्यात. स्टेपनीत हवा आहे का ते घरीच पाहावे. जॅकखाली ठेवायला एक फळी घ्यावी, नाहीतर मऊ जमिनीत जॅकच खाली जातो. ओढ्याला पाणी असेल तर आधी काठी घेऊन कोणीतरी पायी पलीकडे जाऊन यावे. गुडघ्याला पाणी लागले किंवा तळ दिसला नाही की परत फिरावे. टपावर ओझे लादू नये. दुपारी चारला गाडीचे तोंड घराकडे वळलेले असावे. आणि उतारावर गाडी घालण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा, की आता इथेच पाऊस आला तर ही वाट मला वर येऊ देईल का?

त्या तरुण सभासदाचे सांगायचे राहिले. नाल्याची रील त्याने सोडून दिली. आई-दादांना घेऊन म्हैसमाळला जाऊन आला. दादांनी सगळा घाटभर "दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात टाक" असा घोष लावला होता म्हणे. आता दसऱ्याला अंतूरला जायचे म्हणतो.

अशा मंडळींसाठी गट कार्यालयात तीस फुटी नायलॉनचा जाड दोर ठेवला आहे. नेणाऱ्याने वहीत सही करून न्यावा आणि मोळी टाकण्यापूर्वी आठवणीने परत आणून द्यावा. गेल्या वर्षीचा अजून आलेला नाही.