मिनिटाला तीन मिलिमीटर

फूटपट्टीवरची तीन बारीक घरं मोजा. झाले तीन मिलिमीटर. आता पेन्सिलीचं टोक त्यांवरून न थांबता, बरोबर एका मिनिटात न्या बघू! किती हळू जावं लागतं, नाही?

इतक्याच हळू एक लाट मेंदूवरून सरकते. ती पहिल्यांदा मोजली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या कार्ल लॅश्ली यांनी, तीही कागद-पेन्सिलीने!

लॅश्लींना अर्धशिशी, म्हणजे एक प्रकारची डोकेदुखी, होती. अचानक नजरेसमोर एक ठिपका यायचा, त्यातलं काही दिसायचंच नाही. भोवती करवतीच्या दात्यांसारखी चमचमती नक्षी. ठिपका वाढत वाढत कडेला सरकायचा. लॅश्ली कागदावरच्या एका खुणेवर नजर रोखायचे आणि ठिपक्याची कड थोड्या थोड्या वेळाने आखून ठेवायचे. त्यावरून हिशेब करून 1941 साली त्यांनी लिहिलं, की मेंदूच्या पाहण्याच्या भागावरून काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर सरकत असावं. 1944 साली लेआओ या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाला हार्वर्डमध्येच सशाच्या मेंदूवर तशीच मंद लाट सापडली. पुढे बॉस्टनच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हाही वेग जवळपास तेवढाच निघाला!

अशी नक्षी अर्धशिशी असलेल्या सगळ्यांनाच दिसत नाही. मग डोकेदुखी ओळखायची कशी? डोक्याला घट्ट फडकं बांधल्यासारखं वाटतं का? मग तो बहुतेक ताण. मान मोकळी करा, पाणी प्या, मोबाइल बाजूला ठेवा. ठणके मारतात, मळमळतं, उजेड नि आवाज नकोसा होतो? मग अर्धशिशी असू शकते. नावात ‘अर्ध’ असलं तरी मुलांचं कपाळ बऱ्याचदा दोन्हीकडे दुखतं. अंधाऱ्या, शांत खोलीत झोपलं की बरं वाटतं. उपाशी राहिल्याने किंवा जागरणानेही डोकं दुखतं.

गोळी मात्र आपल्या मनाने घ्यायची नाही. डोक्याला मार लागला, दुखणं एकदम जोरात सुरू झालं, किंवा तापात मान आखडली, तर लगेच मोठ्यांना सांगा. डॉक्टरांकडे जायलाच हवं.

आणि एक छोटी वही ठेवा. कधी दुखलं, कुठे दुखलं, त्याआधी काय खाल्लं, किती झोपलात, कशाने थांबलं, सगळं लिहा. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. लॅश्लींनीही तेच केलं होतं: दुखण्याकडे नीट पाहिलं आणि पाहिलेलं लगेच कागदावर उतरवलं.