टॉवरखालची पेटी आणि सर्व्हरमधले डबे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, माझी आत्या अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे एका वाडीत राहते. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात तिच्या वाडीला रेंज देणारा टॉवर चार दिवस बंद पडला. नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या पोराला साप चावला. १०८ ला फोन लागेना. शेवटी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला दवाखान्यात नेले. पोरगा वाचला. पण पुढे आत्या संगमनेरला आली तेव्हा तिने मला धारेवर धरले. "तू कॉलेजात हेच शिकवतोस ना रे? मग एक टॉवर नीट करायला चार दिवस का लागावेत?"

मी चौकशी केली. टॉवर उभा होता, वीज होती, वरचा अँटेनाही ठीक होता. खालच्या कपाटातले एक कार्ड जळाले होते. त्या जागी त्याच कंपनीचे कार्ड चालणार होते आणि ते दूरच्या शहरातून यायचे होते. आजचे बोलणे म्हणजे आत्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

टॉवरची दोन कामे असतात. वर अँटेना आणि रेडिओ लहरी पकडतात व सोडतात. खालची पेटी हिशेब करते: कोणत्या फोनला केव्हा बोलू द्यायचे, गोंगाटातून शब्द कसे वेगळे काढायचे, चूक झाली तर पुन्हा काय मागवायचे. ही पेटी वर्षानुवर्षे खास बनावटीची राहिली. आतल्या चिप्स आणि प्रोग्राम एकाच कंपनीचे. एकदा घेतली की सुटे भाग आणि नवी सुधारणा, सगळ्यासाठी त्याच दारात उभे राहायचे.

आता विचार असा पुढे आला, की हिशेबच करायचा तर खास पेटी कशाला? बँकेत, रेल्वे आरक्षणात चालतात तसले बाजारात मिळणारे सर्व्हर घ्यावेत आणि पेटीचे काम प्रोग्राम म्हणून त्यावर चालवावे. यालाच रेडिओ जाळ्याचे आभासीकरण म्हणतात. मग पुढची पायरीही सुचते. दहा गावांच्या दहा पेट्यांऐवजी तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हरचा एक संच ठेवायचा.

आपल्या भागात हे समजायला दुधाचे उदाहरण पुरे. दूध गावोगावच्या संस्थेत गोळा होते, पण प्रक्रिया मोठ्या केंद्रात होते. गावागावात कोणी पावडरीचा कारखाना काढत नाही. इथेही अँटेना गावातच राहतो, हिशेब एकत्र होतो. फायदा असा, की दिवसा संगमनेरच्या बाजारपेठेत फोनची गर्दी असते आणि संध्याकाळी तीच माणसे आपापल्या गावी परततात. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या तळावर एकाएकी शेकडो फोन येतात. एकत्र ठेवलेली ताकद गर्दी जिकडे तिकडे वळवता येते.

पण दूध वेळेत पोहोचले नाही तर नासते. इथे तर घड्याळ फारच कडक आहे. फोर-जीमध्ये फोनने पाठवलेला तुकडा नीट मिळाला की नाही, हे चौथ्या मिलिसेकंदाला कळवावे लागते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. यातला बहुतेक वेळ हिशेबातच जातो. काचेच्या तारेतून प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वीस किलोमीटरला शंभर. व्यवहारात मर्यादा साधारण इथेच येते. म्हणून अकोल्याच्या टॉवरचा घाईचा हिशेब फार तर संगमनेरपर्यंत आणता येईल, पुण्याला नेता येणार नाही. कमी घाईचे काम मात्र दूर नेता येते. फाइव्ह-जीच्या आखणीत अशी विभागणीच करून दिलेली आहे.

आता डब्यांविषयी. मुंबईचे डबेवाले आपल्याला ठाऊक आहेत. डब्यात काय आहे हे त्यांना पाहावे लागत नाही. जेवण पूर्ण भरलेले असते आणि डबा कुठेही नेता येतो. संगणकातही प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका डब्यात भरतात. त्याला कंटेनर म्हणतात. एक सर्व्हर बंद पडला तर तोच डबा दुसऱ्यावर काही सेकंदांत सुरू करता येतो. ही देखरेख करणारा प्रोग्राम म्हणजे कुबरनेटीस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सुकाणू धरणारा.

हे कागदावरचे राहिलेले नाही. जपानमध्ये राकुतेन मोबाइलने एप्रिल २०२० मध्ये याच पद्धतीच्या जाळ्यावर सेवा सुरू केली. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांशी जुळावेत म्हणून २०१८ मध्ये ओ-रॅन अलायन्स ही संघटना स्थापन झाली. आपल्याकडे बीएसएनएलचे देशी फोर-जी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. त्यातले टॉवरवरचे यंत्र तेजस नेटवर्क्सचे आहे, मधला गाभा सी-डॉटचा, आणि जुळणी मुंबईच्या टीसीएसची. टॉवरचे यंत्र तिथे सर्व्हरवर गेलेले नाही. पण बाहेरच्या एकाच दारात उभे राहण्याची सवय मोडायला सुरुवात झाली, हे मोलाचे.

तोटेही सांगायला हवेत. साधा सर्व्हर खास चिपपेक्षा या कामाला जास्त वीज खाऊ शकतो. म्हणून अवघड हिशेबासाठी त्याला जोडकार्ड द्यावे लागते. चार कंपन्यांचे भाग असले की बिघाड कोणाचा यावरून टोलवाटोलवी होते. आणि दहा गावांचा हिशेब एका खोलीत आणला, तर त्या खोलीची वीज किंवा तिकडे जाणारी तार तुटली की दहाही गावे मुकी होतात. दुसरी तार आणि दुसरी खोली तयार नसेल, तर एकत्र आणण्यात शहाणपण नाही.

आत्याला मी एवढेच सांगितले, की जळालेल्या कार्डासाठी चार दिवस थांबण्याचे कारण आता उरलेले नाही. ती म्हणाली, "मग आमच्या डोंगरात तार कधी येणार?" श्रोतेहो, तार प्रत्यक्षच न्यावी लागते. त्या कामाला कुठलाही प्रोग्राम पर्याय नाही. रेंजची मागणी करताना गावाने तारेची आणि विजेची मागणीही तितक्याच जोराने करायला हवी.