नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज, बायकोचा भारतीय: व्हिसा कुठला?

या भागात आपण गोवेकरांच्या पोर्तुगीज नागरिकत्वावर गप्पा मारल्या. त्यातला कागदपत्रांचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा, म्हणून हे टिपण.

समजा, मनामात नोकरी करणारं एक जोडपं आहे. नवरा मडगावचा. वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात झालेला, त्या आधारावर तो पोर्तुगीज नागरिक झाला. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे त्याचं भारतीय नागरिकत्व गेलं. बायको रत्नागिरीची, पासपोर्ट भारतीय. युरोपला जायला तिला व्हिसा लागणारच. पण तो कुठल्या नियमाने मिळणार, हे दोघं कुठे निघालेत यावर ठरतं.

पॅरिसला निघाले तर युरोपियन युनियनचा २००४/३८ हा निर्देश लागू होतो. नवरा सोबत असेल किंवा ती त्याच्याकडे जात असेल, तर व्हिसा फुकट आणि लवकर द्यावा लागतो. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या नागरिकत्वाचा व प्रवासाचा पुरावा पुरतो. बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग, नोकरीचं पत्र मागायचं नसतं. लग्न रत्नागिरीत नोंदलं असेल तर दाखल्यावर भारतातच अपॉस्टिल करून घ्या; बहरीनमध्ये बसून ते होत नाही.

लिस्बनला निघाले तर गंमत उलटी. स्वतःच्याच देशात जाणाऱ्या नागरिकाला हा निर्देश लागू नाही. तिथे पोर्तुगालचा स्वतःचा कायदा चालतो.

याला एक अपवाद आहे आणि तो एका भारतीयाच्या नावाने ओळखला जातो. सुरिंदर सिंग यांची पत्नी ब्रिटिश. दोघांनी काही वर्षं जर्मनीत काम केलं आणि मग ब्रिटनला परतले. १९९२ साली युरोपियन न्यायालयाने सांगितलं: दुसऱ्या सदस्य देशात खरोखर काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही तेच हक्क मिळतात. पण लक्षात घ्या, बहरीनमधली वर्षं यात धरत नाहीत. आधी दुसऱ्या सदस्य देशात संसार हवा.

आता समजा हे जोडपं जर्मनीत स्थायिक झालं. तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर तिने निवासी कार्डासाठी अर्ज करायचा. पोचपावती लगेच मिळते, कार्ड सहा महिन्यांत मिळायला हवं. खरी अडचण या मधल्या काळात येते. कार्ड हातात असेल तर परत येताना व्हिसा लागत नाही. नुसत्या पोचपावतीवर मात्र ती सूट नाही. भावाच्या लग्नाला रत्नागिरीला गेलात आणि तेवढ्यात जुना व्हिसा संपला, तर परतीसाठी नवा घ्यावा लागतो. तोही फुकटच, पण त्याला वेळ लागतो.

सीमेवर कागद अपुरे असतील तर परत पाठवण्याआधी नातं सिद्ध करायची वाजवी संधी द्यावी, असं निर्देशाचं कलम ५ सांगते. पण तिथवर पोचायला विमानात बसू द्यायला हवं ना! कागद नसलेला प्रवासी आणला की विमान कंपनीला दंड होतो, म्हणून काउंटरवरचा माणूस कलम वाचत बसत नाही, तो व्हिसा किंवा कार्ड बघतो.

आणि मनामाला परतताना युरोपचा कुठलाच हक्क कामाला येत नाही. तिथे फक्त बहरीनच्या निवास परवान्याची तारीख बघतात. तिकीट काढायच्या आधी दोन्हीकडच्या तारखा एकदा शेजारी ठेवून तपासा.